खरखर कोणाची

धामणदरीत आजही कोणालाही विचारा, तो हेच सांगेल की गावाचा रेडिओ प्रेमसिंगच्या खुर्चीनं नासवला. सांगू द्या. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पण झालं ते असं झालं, आणि ज्याला ऐकायचं असेल त्यानं शेवटपर्यंत ऐकावं.

धामणदरी मेडशीपासून दोन कोस आत. मधून नाला वाहतो. नाल्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला उतारावर तांडा. प्रेमसिंग तांड्यातला. लढाईच्या वर्षांत तो मिल्ट्रीच्या मोटर-कारखान्यात फिटर होता. लढाई संपल्यावर अकोल्याला एका गॅरेजात लागला. हात असा की बंद पडलेलं इंजिन त्याला पाहूनच खोकायला लागायचं. मग एक दिवस जॅक सरकला आणि लॉरी त्याच्या कमरेवर आली. जीव वाचला, पाय गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण मालकाचं ऐकेनासे झाले. बायको वर्षभर थांबली, मग माहेरी गेली ती गेलीच. तिला नावं ठेवून काय मिळणार? घरात उरली म्हातारी आई, गोमतीबाई. प्रेमसिंग तिला तांड्याच्या रिवाजानं याडी म्हणायचा.

दोन वर्षं या बाईनं लेकाला पाठीवर वागवलं. सकाळी नाल्याकडे, नाल्याहून घरी, घरातून अंगणात. तिशी ओलांडलेला गडी आईच्या पाठीवर, आणि रस्त्यानं येणारे-जाणारे मान दुसरीकडे वळवतात. लाज तर रोजचीच होती. पण एका भादव्यात नाल्याच्या दरडीवर गोमतीबाईचा पाय सटकला आणि दोघं खाली आले. प्रेमसिंगला काहीच लागलं नाही, कारण तो तिच्यावर पडला होता. तिचा उजवा गुडघा जो सुजला तो कायमचा वाकडा झाला. पंधरा दिवस ती खाटेवर आणि तो खाली गोधडीवर, शेजारणी भाकरी आणून देत. त्या पंधरा दिवसांत त्यानं मनाशी एक गोष्ट पक्की केली. मेलो तरी चालेल, याडीच्या पाठीवर पुन्हा बसायचं नाही.

तिथून ती खुर्ची झाली. अकोल्याच्या जुन्या दोस्तानं मोडीत निघालेल्या मिल्ट्री लॉरीचा डायनामो आणि सहा व्होल्टची बॅटरी मोटरच्या टपावर टाकून पाठवली. डायनामो चाकानं फिरवला की वीज करतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच डायनामोला वीज दिली की तोच चाक फिरवतो, हे प्रेमसिंगला माहीत होतं. मागं सायकलची दोन चाकं, पुढं एक लहान चाक आणि दांडा, मधात लोखंडी खुर्ची, तिच्याखाली डायनामो आणि साखळी. खटका दाबला की घूं करत निघायची. वेग म्हणाल तर लंगड्या बैलाचा. पण पहिल्या दिवशी ती तांड्याचा उतार उतरली, नाल्यात वाटेसाठी टाकलेल्या दगडी फरशीवरून पलीकडे गेली आणि गावात शिरली, तेव्हा गोमतीबाई दारात उभी राहून रडली. आनंदानं रडली, असं तिनं स्वतःच नंतर सगळ्या तांड्याला सांगितलं.

गावात बबनरावांची पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनवर चालणारी. ते इंजिन प्रेमसिंगच्या ताब्यात आलं. रोज सकाळी जायचं, इंजिन सुरू करून द्यायचं, दिवसभर त्याचं दुखलंखुपलं बघायचं, आणि त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर आपली बॅटरी भरून घ्यायची. संध्याकाळी मांडीवर पिठाची पिशवी घेऊन घरी. नाल्याकडे तो आपला आपण जायचा. आईच्या गुडघ्याचं दुखणं आता निदान वाढत तरी नव्हतं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर गावाला सरकारी रेडिओ आला. सरपंच नानाजी, बबनरावांचे काका. त्यांनी तो चावडीत लाकडी फळीवर ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली बबनरावांच्या कंबरेला दिली. रेडिओही बॅटरीवरचा, सहा व्होल्टचाच. चावडीच्या छपराच्या टिनावरून समोरच्या लिंबाला एक लांब तार बांधली. त्या तारेतून नागपूर येतं, असं रेडिओ बसवायला आलेला साहेब सांगून गेला. आणि हेही सांगून गेला की कशालाही हात लावायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी गाव लोटलं. तांडाही आला. आवाज लागला, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, म्हाताऱ्यांनी पेटीच्या मागं वाकून पाहिलं. तेवढ्यात गिरणीकडून प्रेमसिंगची खुर्ची आली आणि रेडिओतला माणूस एकदम खर्रर करून घोगरा झाला. कोणाला काही कळेना. ज्याला कळलं तो एकटाच होता, आणि त्याला राहवलं नाही. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला पाय लागतात असं कुठं आहे? प्रेमसिंगनं तो बसल्या जागी मारून घेतला.

"नानाजी, रेडिओ चांगला हाय," तो म्हणाला. "खरखर माह्या खुर्चीची हाय. डायनामोत कोयशाचे तुकडे घासतात, बारीक ठिनगी उडते. ते ठिनगी रेडिओले ऐकू येते. हे पाहा."

त्यानं खटका सोडला, खरखर गेली. दाबला, आली. पुन्हा सोडला, गेली. लोकांना मोठी मौज वाटली. तीन-चारदा करायला लावलं त्याला. मिल्ट्रीत शिकलेली विद्या चार माणसांत दाखवता आली म्हणून प्रेमसिंगचीही छाती फुगली. भोळा माणूस, दुसरं काय.

"हुशार हायेस गा," नानाजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "मंग असं कर. रेडिओ चालू हाय तवरक तू खुर्ची चालवू नको. होईन ना एवढं?"

"होईन ना. घंट्याभराचा तं सवाल हाय."

"जबान?"

"जबान."

तांड्यातला माणूस जबान देतो तेव्हा ती दगडावरची रेघ असते, हे नानाजींना ठाऊक होतं. म्हणून तर मागितली.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओ लागायच्या आधी कोतवाल जगदेव डफ घेऊन निघायला लागला. गावात दवंडी ऐकली की लोक हातातलं काम टाकून कान देतात. वसुली असो, नाहीतर साथ असो. आता दवंडी अशी : "ऐका हो, रेडिओ लागून राह्यला हो, प्रेमसिंगनं खुर्ची थांबवा हो." पहिले काही दिवस लोक हसले, प्रेमसिंगही हसला. मग पोरासोरांनी ती पाठ केली आणि येता-जाता त्याच्या मागं ओरडायला लागली. मग त्याचं हसू गेलं.

आणि तो घंटाभर घंटाभर राहिला नाही. संध्याकाळचा कार्यक्रम होताच. मग बबनरावांना दुपारची गाणी आवडायला लागली. मग नानाजी म्हणाले, सरकारनं वस्तू दिली ती बंद ठेवून कशी चालेल, सकाळीही लावा. दिवसातून तीनदा डफ वाजायला लागला. जिथं डफ ऐकू येई तिथं प्रेमसिंग थांबे. कधी गिरणीच्या दारात, कधी भर उन्हात रस्त्यात.

त्यानं मोजून पाहिलं होतं. नाल्याच्या वाटेवर चिंचेचं झाड आहे. त्या झाडापलीकडे खुर्ची चालवली तर रेडिओत काहीच येत नाही. तो चावडीवर जाऊन म्हणाला, "नानाजी, चिचेच्या पलीकडं माही खरखर पोचत नाई. तिकडं तरी मले चालू द्या."

नानाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचार केला. बराच वेळ केला.

"प्रेमसिंग, हे पाह्य. नागपूरच्या मानसाचं बोलनं इथवर येते. मधात किती डोंगर, किती नद्या. अन् तुही ठिनगी नाल्यावरून चावडीवर येनार नाई? असं कसं होईन?"

चावडी मान डोलावून मोकळी झाली. इतकं सरळ होतं ते. प्रेमसिंगनं सांगून पाहिलं की नागपूरचं यंत्र फार मोठं, जोरानं फेकतं, आपला डायनामो म्हणजे काहीच नाही.

"ते मोठं हाय, माही ठिनगी लहान हाय, नानाजी."

"मुंगी बी लहानच असते. कानात गेल्यावर समजते."

 बिनचूक माणसाशी वाद घालता येतो, बिनतोड माणसाशी नाही.

पौषात एक दिवस दुपारचा डफ वाजला तेव्हा प्रेमसिंग नेमका नाल्याच्या फरशीवर होता. चाकांभोवती घोटाभर पाणी, आणि ते गार. त्यानं खटका सोडला. दोन घंटे गाणी चालणार हे त्याला माहीत होतं. तांड्यावरून गोमतीबाईनं पाहिलं आणि ती वाकड्या गुडघ्यानं उतार उतरत आली. दोघं घरात बोलत त्याच गोरमाटीत ती बोलली, ते आपल्या भाषेत असं : "चालव ना रे. इथी कोन पाहून राह्यलं?"

"जबान देली हाय, याडी."

"जबान बसून खाशीन काय?"

 तिनं खुर्ची लोटून पाहिली. बॅटरी, डायनामो, लोखंड आणि वर माणूस, ती काय हलते. शेवटी ती तिथंच पाण्यात उभी राहिली, कारण बसायला जागा नव्हती. दोन घंटे माय-लेक नाल्यात. चावडीवरची गाणी तिथं ऐकूसुद्धा येत नव्हती. त्या रात्रीपासून तिचा गुडघा पुन्हा सुजला.

प्रेमसिंगला सगळ्यात जास्त भीती त्या गुडघ्याची होती. खुर्ची गेली तर बोजा कोणाच्या पाठीवर जाणार, याचा हिशोब त्याला कोणी शिकवायला नको होता. म्हणून त्यानं डोकं लावलं. मिल्ट्रीत वायरलेसच्या लॉऱ्या असत. त्यांच्या इंजिनाच्या ठिणगीनं वायरलेस बिघडू नये म्हणून डायनामोला कंडेन्सर जोडत. बोटाएवढी पत्र्याची डबी. ठिणगीतली ती खरखर बाहेर पडायच्या आत गिळून टाकते. त्यानं मोटरच्या ड्रायव्हरला सांगून रिसोडहून दोन कंडेन्सर आणवले, डायनामोला डकवले, वायरी पत्र्याच्या नळीत घातल्या, आणि एका दुपारी चावडीसमोर आला. तिथं बबनराव आणि जगदेव, दोघंच होते. रेडिओ चालू होता.

"बबनराव, आता ऐका," तो म्हणाला आणि खटका दाबला.

खुर्ची चावडीच्या पायरीपर्यंत गेली, मागं आली, पुन्हा गेली. रेडिओतली बाई न अडखळता गात राहिली.

"अबे, हे तं मुकी झाली," बबनराव हसून म्हणाला.

त्यानं नानाजींना सांगितलं. नानाजी म्हणाले, बरं हाय, पन पुन्हा खरखर आली तं मंग पाहू. डफ बंद झाला. आठ दिवस प्रेमसिंग पाहिजे तेव्हा पाहिजे तिथं गेला. एकदा तर काही काम नसताना नुसताच मेडशीच्या वाटेवर अर्धा कोस जाऊन आला. घरी येऊन आईला म्हणाला, "आता सुटलो, याडी." तिनं त्या दिवशी गोड केलं. ते आठ दिवस सोडले तर या गोष्टीत सुखाचं असं काही नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

नानाजींची लेक विजयमाला रिसोडला दिलेली. तिच्या नवऱ्याचं भजनी मंडळ नागपूरच्या रेडिओवर गाणार असा सांगावा आला. मंगळवारी संध्याकाळी. विजयमाला खास माहेरी आली. चावडी शेणानं सारवली, रेडिओला हार घातला, ओवाळायचं ताट तयार ठेवलं. जावयाचा आवाज हवेतून येणार म्हणजे काय साधी गोष्ट आहे? त्या संध्याकाळी वारा सुटला होता. भजन लागलं, टाळ वाजला, जावयानं तोंड उघडलं, आणि खर्रर. मग थोडं ऐकू आलं, पुन्हा खर्रर. भजन संपेपर्यंत हेच. विजयमाला ताट तिथंच ठेवून घरात निघून गेली.

जगदेवला तांड्यात पाठवलं. त्यानं पाहिलं, प्रेमसिंग अंगणात कंदिलाची काच पुसत बसलेला आणि खुर्ची भिंतीला लागलेली, थंड. परत येऊन त्यानं तसंच सांगितलं.

"तुले येताना पाहून थांबवली असन," कोणी तरी म्हणालं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण संन्यासी निदान चालत तरी फाशीला जातो.

दुसऱ्या सकाळी प्रेमसिंग स्वतः चावडीवर आला. त्यानं वर पाहिलं आणि एका नजरेत त्याला समजलं. लिंबाकडे जाणारी तार सैल पडली होती आणि वाऱ्यानं टिनाच्या कडेला घासत होती.

"नानाजी, ते तार पाहा. टिनाले घासून राह्यली. कोनी वर चढून आवळून बांधा. खरखर जाते का नाई ते पाहा."

"चोरच पंचनामा करायले बसला," मागून कोणी तरी म्हणालं, आणि लोक हसले.

"सरकारी तार हाय," बबनराव म्हणाला. "साहेब आल्याबिगर हात लावता येत नाई."

"बबनराव, तुमी तं पाह्यलं होतं ना त्या दुपारी? माही खुर्ची मुकी होती का नाई, सांगा."

बबनराव कंबरेची किल्ली उगाच चाचपत राहिला. काकाच्या लेकीचे डोळे सुजलेले त्यानं सकाळी पाहिले होते.

"त्या दुपारी नव्हती खरखर," तो म्हणाला. "कालचं मी काय सांगू?"

जगदेवनंही पाहिलं होतं. पण जगदेवला कोणी विचारलं नाही, आणि कोतवालाला विचारल्याशिवाय बोलायची सवय नसते.

नानाजी शांतपणे म्हणाले, "प्रेमसिंग, तुह्यावर आमचा राग नाई. बॅटरी चावडीत राहू दे. रेडिओ बंद झाला का घेऊन जात जाय."

बॅटरी काढली. बॅटरीशिवाय ती खुर्ची जगदेवनं ढकलत तांड्यापर्यंत नेली. आता तुम्हीच सांगा, रेडिओ बंद झाला की बॅटरी घेऊन जाय म्हणजे कसं? घेऊन जायला यायचं कशावर? हे नानाजींच्या डोक्यात आलंच नाही. पाय असलेल्या माणसाच्या डोक्यात ते येत नाही.

पहिले चार दिवस जगदेव बॅटरी डोक्यावर घेऊन येई आणि नेई. मग त्याच्यामागं वसुलीचं काम लागलं. प्रेमसिंग पोत्यावर बसून हातांनी अंगणात सरपटायला लागला. गोमतीबाई वाकायची आणि म्हणायची, "बस." तो म्हणायचा, "नाई." रोज सकाळी हेच. तळहाताची सालं निघाली. ती दुसरीकडे पाहून भाकरी थापायची.

तिकडे गिरणीचं इंजिन आठव्या दिवशी बसलं. बबनरावानं बैलगाडी पाठवली, प्रेमसिंगनं यावं म्हणून. आणि इथं प्रेमसिंगचं चुकलं, मी लपवत नाही. तो गाडीवानाला म्हणाला, "माही बॅटरी घेऊन ये म्हना. मी माह्या खुर्चीवर येतो." गाडी रिकामी गेली. नानाजींना वाटलं, हा अडवणूक करून राह्यला. रिसोडहून फिटर आणला. त्यानं इंजिनाचं डोकं काढलं आणि दुरुस्तीला रिसोडला नेलं, पंधरा दिवसांच्या बोलीनं. गिरणी बंद म्हणजे बॅटरी भरणंही बंद. रेडिओची बॅटरीही तिथंच भरत, ती उतरली. मग काय करायचं? चावडीत दुसरी बॅटरी होतीच की. तीही सहा व्होल्टची.

हे प्रेमसिंगला जगदेवनं सांगितलं, वसुलीसाठी तांड्यात आला तेव्हा.

"माही बॅटरी रेडिओले लावली?" प्रेमसिंगनं विचारलं. "किती दिवस झाले?"

"झाले असन आठ."

"तिच्यात पानी घालते काय कोनी?"

"कायचं पानी?" जगदेवनं विचारलं.

प्रेमसिंगनं डोळे मिटले. मग त्यानं समजावलं की बॅटरी पाणी पिते. कोरडी पडली आणि पुरती उतरू दिली तर आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडतात, आणि मग ती मेली. कितीही भरली तरी उठत नाही. आणि दुसरी आणायची म्हटली तर ते त्याच्या जन्मात जमणारं नव्हतं. "नानाजीले सांग, आजच्या आज काढा म्हना."

जगदेवनं सांगितलं असावं. उत्तर आलं, हो हो, पाहू. दोन दिवस गेले. तांड्यातले बापे कापसाच्या जिनांवर कामाला गेलेले, घरोघरी बाया आणि म्हातारे. उचलून न्यायला कोणी नव्हतं, आणि ती लोखंडी खुर्ची नाल्याच्या चढावर लोटणं म्हातारीच्या आवाक्यातलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर प्रेमसिंग पोत्यावरून दारापर्यंत आला. गोमतीबाई नेहमीसारखी त्याच्यापुढं वाकली. "बस," ती म्हणाली. या वेळी तो नाही म्हणाला नाही. त्यानं तिच्या खांद्यांवर हात ठेवले. पाच वर्षांपूर्वी तिथं मांस होतं, आता नुसती हाडं लागली. ती उठताना एकदा खाली बसली, मग दाराचं लाकूड धरून उठली.

"तू भारी झाला रे," ती म्हणाली.

तो भारी झाला नव्हता. महिनाभर अर्ध्या भाकरीवर होता तो. 

नाला उतरून, चढून, चिंचेखाली थांबून ती चावडीसमोर आली तेव्हा रेडिओ लागला होता. गाव बसलेलं होतं. वारा होता. रेडिओत मधून मधून खर्रर येत होतं, आणि आज ते सगळ्यांच्या देखत येत होतं. लोकांनी वळून पाहिलं. म्हातारी, तिच्या पाठीवर प्रेमसिंग, त्याचे दोन्ही पाय तिच्या घागऱ्याच्या बाजूनं लोंबलेले. कोणी हसलं नाही. नानाजी उठून उभे राहिले.

"नानाजी, खुर्ची घरी हाय," प्रेमसिंग आईच्या खांद्यावरून म्हणाला. "मी इथी हाओ. बॅटरी तुमच्यापाशी हाय. आता सांगा, खरखर कोनाची हाय?"

 बबनराव खाली पाहत होता. नानाजींनी रेडिओकडे पाहिलं, प्रेमसिंगकडे पाहिलं, आणि खरंच मनापासून विचार केला. चिंचेच्या वेळी केला होता तसाच.

"बॅटरी तं तुह्याच खुर्चीची हाय ना, प्रेमसिंग," ते म्हणाले. "तिची खोड हिच्यात उतरली असन."

चावडीनं मान डोलावली. ज्याला उत्तर सापडतं तो मोकळा होतो, आणि अख्खी चावडी मोकळी झाली. वर टिनाला तार घासत होती, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तेवढ्यात रेडिओतला आवाज बारीक होत गेला. बबनरावानं रेडिओचा कान पिळला, पेटीवर चापट मारली. आवाज अजून बारीक झाला आणि थांबला. खरखरसुद्धा थांबली. लोक थोडा वेळ बसून राहिले, मग धोतरं झटकत उठायला लागले.

"घेऊन जाय बाप्पा तुही बॅटरी," नानाजी म्हणाले. "आमाले कायले पाहिजे दुसऱ्याची वस्तू. जगदेव, पोचवून दे रे त्याच्या घरी."

जगदेवनं बॅटरी सोडवून आणली. प्रेमसिंगनं त्याला ती जवळ धरायला सांगितली, हात लांबवून एक झाकण काढलं आणि आत पाहिलं. पाण्याचा टिपूस नव्हता. पट्ट्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यानं झाकण पुन्हा लावलं आणि नीट पिळून घट्ट केलं. का केलं ते त्यालाच माहीत.

"हळू जाय वं बाई," नानाजी गोमतीबाईला म्हणाले, आणि स्वतः बाजूला होऊन त्यांनी वाट दिली.

पुढं गोमतीबाई, पाठीवर लेक, मागं जगदेव, त्याच्या डोक्यावर बॅटरी. चिंच मागं पडली. नाल्याच्या दरडीवर ती थांबली, वाकडा गुडघा आधी टाकावा की नंतर याचा अंदाज घेत. तिला धाप लागली होती, पण आवाजात कित्येक दिवसांत नव्हती अशी तरतरी होती.

"भेटली ना बॅटरी," ती म्हणाली. "मी म्हनलं होतं ना, गेलं का देतीन. उद्या तू आपला खुर्चीवर बसशीन. हे आखरीचं हाय, बेटा. आजच्यापुरतं घट्ट धर मले."

प्रेमसिंगनं मागं वळून जगदेवच्या डोक्यावरच्या त्या खोक्याकडे पाहिलं.

"हो, याडी," तो म्हणाला, आणि तिला घट्ट धरलं. ती नाल्यात उतरायला लागली.